ज्याचे पोट, त्याचे माप

आपल्या भाषेत तान्ह्या मुलाच्या कौतुकाचे शब्द मोजायला बसले, तर त्यांतले निम्मे त्याच्या अंगावरच्या मांसाचे निघतील. गुटगुटीत, गुबगुबीत, बाळसेदार, अंगाने भरलेले. ‘बाळसे’ हा शब्द तर इतका लाडका की, एखादी पतपेढी किंवा वाचनालय जरा वाढीला लागले, तरी ‘संस्थेने बाळसे धरले’ असे आपण वार्षिक अहवालात लिहितो. उलट एखादे मूल शांत झोपते, हसते-खेळते, वेळेवर शू-शी करते, पण अंगाने बारीक आहे. त्याच्या कौतुकाला मात्र आपल्याजवळ शब्द नाही. ‘चांगले आहे, पण जरा हडकलेलेच,’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. या ‘पण’मधूनच घरोघरी एक चूक जन्माला येते. ती म्हणजे बाळाला त्याच्या भुकेपेक्षा अधिक पाजणे आणि भरवणे.

महाविद्यालयाच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. हा विषय आजीबाईंचा किंवा डॉक्टरांचा, असा आपला समज आहे. पण या पानांचे वाचक कोण आहेत? कोणी मामा आहे, कोणी आत्या, कोणी मावशी. प्राध्यापक मंडळींपैकी कित्येकांच्या घरी पाळणा हलतो आहे. आणि बाळाच्या हातात बिस्किट देणारे, बाटली पुढे करणारे आणि ‘काय हो, दूध पुरत नाही का याला?’ असे विचारून आईच्या काळजात शंकेची सुई टोचणारे आपणच असतो. तेव्हा विषय आपलाच आहे.

माझे घर सिंधीपुऱ्यातले. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर शहराचा हा जुना भाग. सोळाव्या शतकात सिंधमधून येऊन राहिलेल्या लोकांवरून त्याला हे नाव पडले. बुऱ्हाणपूर म्हणजे एके काळची खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. तापीकाठचे, कापड विणणारे गाव. १६३१ साली मुमताजमहल आपल्या चौदाव्या बाळंतपणात याच गावी वारली. तिच्या नावाचा ताजमहाल साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी जगली, तिचे नाव गौहरआरा होते आणि ती १७०६ सालापर्यंत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाळंतिणीच्या खोलीत काय घडते, मुलाला कोण, किती आणि कोणाच्या मर्जीने पाजते, याची नोंद इतिहास ठेवत नाही. राजवाड्यातही ठेवली गेली नाही, मग मोहल्ल्यात कोण ठेवणार?

पण मोहल्ल्यात हा निकाल रोज लागत असतो. बाळ पाहायला येणारी प्रत्येक बाई त्याला हातांवर तोलून पाहते. आमच्याकडे मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, निमाडी अशा अनेक बोली कानांवर पडतात; प्रश्न मात्र सगळ्या बोलींत एकच असतो: ‘अंगाला लागत नाही का गं दूध?’ या प्रश्नाचे उत्तर आई शब्दांनी देत नाही. ती पुन्हा एकदा पाजून देते. बाळ रडले की भूक, झोपेत चुळबुळले की भूक, मुठी चोखल्या की भूक, आणि गप्प पडून राहिले तर अशक्तपणा. सगळ्यांवर एकच उपाय.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जास्त पाजण्याच्या मुळाशी माया आहे असे आपण समजतो. माझ्या मते तेथे अविश्वास आहे. आईच्या दुधावर अविश्वास, आईच्या नजरेवर अविश्वास, आणि सर्वांत मोठा म्हणजे खुद्द बाळावर अविश्वास. आपले पोट भरले हे त्या जिवाला कळते, यावर आपला विश्वासच बसत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. ‘ज्या देशात मुले उपाशी राहतात, तेथे जास्त खाण्याची चर्चा कसली करता?’ २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे हा आक्षेप बळकट करतात. पाच वर्षांखालील भारतीय मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने खुजी, ३२.१ टक्के कमी वजनाची आणि १९.३ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आढळली. जादा वजनाची मुले अवघी ३.४ टक्के. त्याआधीच्या सर्वेक्षणात ती २.१ टक्के होती, म्हणजे वाढ आहे, पण खरे दुःख अजून दुसऱ्याच टोकाला आहे.

हे सर्व मान्य करूनही मी म्हणेन की, ही दोन दुःखे एकमेकांची वैरी नाहीत. पुष्कळदा ती सख्ख्या बहिणी असतात. एकाच मोहल्ल्यात, कधी कधी एकाच घरात, बाळाच्या पोटात मापाबाहेर दूध-साखर-बिस्किटे जातात आणि डाळ, भाजी, अंडे, फळ यांच्यासाठी जागाच उरत नाही. पोट भरते आणि पोषण होत नाही. उपाशी मुलाकडे आपले लक्ष नसते आणि कोंबलेल्या मुलाकडेही नसते. कारण दोन्ही वेळी आपण मुलाकडे न पाहता आपल्या समजुतीकडे पाहत असतो. म्हणून ‘कमी पाजा’ असा या लेखाचा अर्थ कोणी कृपया करून घेऊ नये. पहिल्या काही आठवड्यांत दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजणे हे अगदी बरोबर आहे. कमी वजनाचे किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले मूल असेल, तर त्याला डॉक्टर सांगतील तसे अधिक जपूनच पाजावे लागते. माझे म्हणणे एवढेच की, किती ते बाळाला ठरवू द्या.

बाळाला ते ठरवता येते काय? येते. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत आईला जो चीक येतो, तो सारा मिळून सरासरीने तीसेक मिलिलिटर, म्हणजे सहा चहाचे चमचे असतो. कोणाला यापेक्षा पुष्कळ कमी, कोणाला जास्त. निसर्गाने तेवढाच दिला, कारण पोटही तेवढेच आहे. ‘दूधच उतरले नाही’ म्हणून त्याच दिवशी बाटली धुवायला घेणाऱ्या घरांना एवढी एक गोष्ट ठाऊक असती, तर पुढचा केवढा घोळ वाचला असता! पहिल्या आठवड्यात मूल थोडे उतरते. जन्माच्या वजनातले सात, कधी दहा टक्केही घटतात आणि दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतात. हे ठाऊक नसले की घरात घबराट होते आणि घबराटीतून वरचे दूध सुरू होते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सॅम्युएल फोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधी एक साधा, सुंदर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले. काही बाळांना नेहमीपेक्षा पातळ दूध दिले, काहींना घट्ट. हवे तेवढे पिण्याची दोघांनाही मोकळीक होती. साधारण सहा आठवड्यांच्या पुढे असे दिसले की, पातळ दुधावरची बाळे जास्त पितात आणि घट्ट दुधावरची कमी पिऊन थांबतात. ज्याला मान धरता येत नाही, त्याला आपल्या पोटाचा हिशोब मात्र करता येतो! पहिल्या सहा आठवड्यांत हा हिशोब कच्चा होता आणि घट्ट दूध मिळालेली मुले वाजवीपेक्षा अधिक वाढली. म्हणजे अगदी कोवळ्या वयात बाटलीबाबत दुप्पट सावध राहिले पाहिजे.

बाटलीचे नाव घेतले त्याला कारण आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध ओढून घ्यावे लागते. ते दमले, थांबले की दूधही थांबते. आईला किती मिलिलिटर गेले ते दिसत नाही, हा तर मोठाच फायदा. कारण न दिसणारे ‘संपव’ म्हणून सांगता येत नाही. बाटलीचे भोक मोठे असले आणि ती उभी धरली, की दूध आपोआप उतरत राहते. बाळाला एकच पर्याय उरतो: गिळणे. ते भराभर गिळते आणि आपण म्हणतो, ‘बघा किती भूक होती!’ त्यातून बाटलीवर आकडे छापलेले. शंभरावर रेघ आहे आणि ऐंशीला बाळ थांबले, की उरलेले वीस मिलिलिटर आपल्याला बोचू लागतात. दूध वाया जाऊ नये म्हणून ते बाळाच्या पोटात ओतायचे, हा कुठला हिशोब?

जुने ते सोने म्हणून बोंडल्याकडे वळावे, तर तेथेही तीच गोष्ट. पाय पसरून त्यावर बाळाला आडवे घ्यायचे आणि बोंडल्याच्या चोचीने घशात धार सोडायची, अशी रीत पुष्कळ घरांत होती. बाळ तोंड मिटू लागले तर गाल दाबायचे. तेव्हा दोष एकट्या नव्या काळाचा नाही. साधन जुने असो वा नवे, बाळाला थांबता येत नसेल तर ते साधन वाईट. वरचे दूध द्यावेच लागले, तर स्वच्छ वाटी-चमचा बरा. आणि बाटलीच असेल तर बाळाला जवळजवळ बसते धरावे, बाटली आडवी ठेवावी, मधूनमधून थांबून श्वास घेऊ द्यावा आणि तोंड फिरवले की बाटली खाली ठेवावी. उशीला टेकवून ठेवलेली बाटली तोंडात देऊन कामाला जाणे मात्र कधीच नको. त्यात घसा कोंडण्याचा धोका आहे.

आता ओळखायचे कसे? भुकेलेले बाळ रडण्यापूर्वीच सांगते. ते मान वळवून छाती शोधते, ओठांचा चुटचुट आवाज करते, मूठ तोंडाशी नेते. रडणे हा भुकेचा शेवटचा निरोप आहे, पहिला नव्हे. आणि प्रत्येक रडणे भुकेचे नसते. ओले दुपटे, उकाडा, झोप, पोटातला वारा, माणसांची गर्दी यांतली कोणतीही गोष्ट पुरे होते. पोट भरलेले बाळ चोखणे मंदावते, छाती सोडते, मान फिरवते, ओठ मिटते. आवळलेल्या मुठी सैल होतात. हा त्याचा ‘पुरे’ होय.

हा ‘पुरे’ वारंवार डावलला गेला, की शरीर बोलू लागते. पाजल्याबरोबर पुष्कळसे दूध बाहेर येते. पोट टम्म आणि ताठ होते. बाळ पाय पोटाशी घेऊन कण्हते, कधी पाठीची कमान करते. वारा सरतो, पातळ शी वरचेवर होते. पुढचा भाग सर्वांत दुःखद आहे. हे बेचैन मूल रडते, आपण त्याला भूक समजतो आणि पुन्हा पाजतो. त्रासाचे कारण आणि त्रासावरचा उपाय एकच होऊन बसतो. मग ग्राइप वॉटर येते, गुटी उगाळली जाते, दृष्ट काढली जाते. मीठ-मोहऱ्या ओवाळण्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण त्याच वेळी बाटलीही थोडा वेळ दूर ठेवली, तर पुष्कळदा दृष्ट लवकर उतरते.

येथे दोन इशारे आवश्यक आहेत. पहिला असा की, थोडे दूध टाकणे हा आजार नव्हे. मूल हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओले होतात, तर खांद्यावर पडलेल्या दह्यासारख्या गुळणीची चिंता करू नये. दुसरा याच्या उलट. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, दर वेळी जोराने लांब उडत असेल, मूल मलूल पडले असेल, शू कमी झाली असेल किंवा वजन वाढत नसेल, तर ‘जास्त झाले असेल’ असे म्हणून घरी बसू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

पावडरच्या दुधाची गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. डब्यावर लिहिलेले चमचा-पाण्याचे प्रमाण ही शिफारस नसून नियम आहे. ‘जरा घट्ट केले तर लवकर अंग धरेल’ म्हणून शीग लावून चमचे टाकले, की क्षार जास्त जातात. बाळाला तहान लागते, ते रडते आणि त्या रडण्यावर पुन्हा तेच घट्ट दूध मिळते. उलट महागाईने गांजलेल्या घरात एक डबा महिनाभर पुरवण्यासाठी पाणी वाढवले जाते. तेथे बाटल्या भरपूर रिकाम्या होतात आणि मूल सुकत जाते. दोन्ही घरांतल्या आया मुलाच्या भल्याचाच विचार करीत असतात.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण येते. मामाच्या मांडीवर बाळ, वाटीत खीर आणि सोन्याच्या अंगठीने जिभेला लावलेला एक थेंब. मला या संस्कारातली मात्रा फार शहाणी वाटते. सुरुवात चवीने करायची असते, पोट भरण्याने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन याच्याशी जुळते. प्रारंभी दोन-तीन मोठे चमचे मऊ अन्न. पुढे आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. येथे वाटी म्हणजे साधारण अडीचशे मिलिलिटरची. बाळाच्या पोटात एका वेळी दर किलो वजनामागे सुमारे तीस ग्रॅम मावते. आठ किलोच्या मुलाचे पोट म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम. त्याला आपल्या ताटाचे माप लावू नये. म्हणूनच प्रमाण थोडे आणि ऐवज कसदार हवा: दाट वरण-भात, तुपाचा थेंब, कुस्करलेले केळे, शिजवलेली भाजी, चालत असेल तेथे अंडे. केळ्यांच्या बागांमध्ये वसलेल्या बुऱ्हाणपुरात बाळाच्या हाती क्रीमचे बिस्किट का यावे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

पूर्वी चिऊ-काऊच्या नावाने घास भरवीत. त्यात निदान अंगण होते, आई बाळाकडे पाहत होती आणि बाळ आईकडे. आता चिऊ-काऊची जागा मोबाईलने घेतली आहे. पडद्यावर चित्रे नाचतात, बाळाचे तोंड उघडे राहते आणि आपण त्यात घास सरकवतो. वाटी रिकामी होते, घरात आनंद होतो. पण त्या मुलाने जेवण केले नाही. त्याच्याकडून ते करवून घेतले गेले. भूक म्हणजे काय आणि तृप्ती म्हणजे काय, हा पहिला धडाच त्याचा बुडाला.

मुलाच्या वाढीला ओहोटी येते ती याच काळात, आणि ती नैसर्गिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची मानके प्रसिद्ध केली. ज्या सहा देशांतील मुले मोजून ती तयार झाली, त्यांत भारतही होता. त्यांनुसार मध्यम मुलगा जन्मतः ३.३ किलो, सहा महिन्यांचा ७.९ किलो आणि वर्षाचा ९.६ किलो असतो. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत साडेचार किलोंहून अधिक वाढ आणि पुढच्या सहा महिन्यांत पावणेदोन किलोंच्या आसपास. वाढ मंदावली की भूकही मंदावते. हे ठाऊक नसलेली घरे म्हणतात, ‘आता खातच नाही,’ आणि तेथून मुलामागे वाटी घेऊन धावणे सुरू होते. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल कार्डावर या वाढीच्या रेषा छापलेल्या असतात. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याऐवजी त्या रेषांशी करावी. रेषेबरोबर चालणारे बारीक मूल निरोगी असू शकते. आणि उंची जागेवर असताना ज्याचे वजन रेषांमागून रेषा ओलांडून चढते, ते गुटगुटीत मूल डॉक्टरांना दाखवण्याजोगे असते.

गुटगुटीतपणावर आपला जो भरवसा आहे, त्याला सर्वांत मोठा धक्का महाराष्ट्रातूनच बसला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि नवजात बालके यांचा १९९३ पासून अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान; दंड, पोट, स्नायू सारेच कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेले हे भारतीय बाळ २००३ नंतर जगभरच्या वैद्यकात प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्याच दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, जी मुले जन्मतः लहान होती पण आठव्या वर्षी वजनाने मोठी झाली होती, त्यांच्या शरीरात इन्सुलिनला सर्वाधिक विरोध होता. मधुमेहाची वाट येथून जाते. लहान जन्मलेल्या मुलाने वाढू नये असा याचा अर्थ नाही. त्याची उंची वाढो, स्नायू वाढोत, मेंदू वाढो. पण ‘हडकलेले आहे, भरा’ म्हणून साखर आणि तूप ओतल्याने वाढते ती चरबी, आणि तिची कमतरता आपल्या बाळात मुळातच फारशी नव्हती.

हे सर्व आईने एकटीने सांभाळावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यावर दबाव आणणारे हात अनेक आहेत. डब्यावरचे गुबगुबीत बाळ हा त्यांतला एक हात होता. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. बाजूने ११८ मते, विरोधात एकटी अमेरिका. १९९१ साली आपल्या वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. त्यानुसार दोन वर्षांखालील मुलांसाठीच्या दूधपर्यायांची, अन्नाची आणि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत आणि डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही. कायद्याने डब्यावरचे चित्र पुसले. आपल्या डोळ्यांतले कोण पुसणार? गणेशोत्सवात आणि जत्रांत ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धा घेऊन आपण ते चित्र जपून ठेवले आहे. त्या मानाने २०२२ साली अंगणवाड्यांमधून झालेली ‘स्वस्थ बालक-बालिका स्पर्धा’ मला शहाणपणाची वाटते. तिथे मुलाचे वजन आणि उंची मोजून वाढ वयाला साजेशी आहे का, हे पाहायचे होते. मंडळांनी हवे तर स्पर्धा जरूर घ्याव्यात, पण हातात तराजू आणि मोजपट्टी असू द्यावी.

दुसरा हात पोटापाण्याचा. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव आहे. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही त्याचीच भावंडे. घरातच माग किंवा मागाची कामे असली, की कांडी भरणाऱ्या, दशा बांधणाऱ्या बाईला मुलाचा ‘पुरे’ आणि ‘हवे’ ओळखायला फुरसत कुठून मिळणार? खडखडाटात तिला फक्त रडणे ऐकू येते, आणि रडणे थांबवण्याचा सर्वांत झटपट उपाय म्हणजे तोंडात काहीतरी देणे. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सक्ती आली. पण घरच्या घरी नगावर काम करणाऱ्या बाईची रजा कोण मंजूर करणार? तिला ‘बाळाच्या खुणा ओळखा’ असा उपदेश करण्याआधी तिच्या हातातली कांडी तासभर कोणी घेतो का, ते पाहिले पाहिजे. सासूबाई, जाऊबाई, आणि हो, मुलाचे वडीलसुद्धा. बाळाला पाजणे आईचे; पण ढेकर काढणे, फिरवणे, निजवणे, दुपटे बदलणे यांत पुरुषाला काहीच अवघड नाही. रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन दहा मिनिटे अंगणात हिंडणारा बाप पुष्कळदा एक अनावश्यक बाटली वाचवतो.

मित्रहो, या नियतकालिकात मराठी आणि कन्नड अशी दोन दालने आहेत आणि आपण आपापल्या भाषेवर मनापासून प्रेम करतो. तान्ह्या मुलाला यांतली एकही भाषा येत नाही. मान फिरवणे, ओठ मिटणे, मूठ सैल सोडणे एवढीच त्याची बोली आहे आणि ती बेळगावात, सोलापुरात, सिंधीपुऱ्यात सारखीच आहे. ती शिकायला व्याकरण लागत नाही. पाच मिनिटे मुलाकडे पाहत बसावे लागते.

पुढच्या सुटीत आपण कोणा ताईचे, वहिनीचे बाळ पाहायला जाल. तेव्हा त्याला हातांवर तोलून ‘भरले नाही अजून’ असे म्हणू नका. खाऊचा पुडा नेण्याऐवजी तिच्यासाठी काही न्या. ‘झोप होते ना तुझी?’ असे विचारा. बाळ तोंड फिरवत असताना कोणी आग्रह करू लागले, तर मोठ्यांचा मान राखून पण स्पष्टपणे सांगा, ‘राहू द्या काकू, त्याचे झाले आहे.’